लक्ष्मीबाई टिळक : एक प्रौढ विद्यार्थिनी

आमच्या अकोले तालुक्यांत, हरिश्चंद्रगडाच्या परिसरांतील डोंगरांत उगम पावलेली मुळा नदी पूर्वेकडे वाहत वाहत राहुरीस जाते. त्याच राहुरीस इ. स. १९०० च्या सुमारास एक स्त्री आपला मोडलेला संसार पुन्हां नव्यानें मांडीत होती. तिचें वय तेव्हां बत्तिशीच्या घरांत होतें. रीतसर शाळा तिला लाभलेली नव्हती. वर्ग, परीक्षा, प्रशस्तिपत्र ह्यांपैकीं कशाशींहि तिचा संबंध आला नव्हता. पुढें चौतीस वर्षांनीं त्याच स्त्रीचें एक पुस्तक प्रसिद्ध होऊं लागलें, आणि मराठी आत्मचरित्रांत त्याला अगदीं वरचें स्थान मिळालें. तें स्थान आजतागायत ढळलेलें नाहीं. ती स्त्री म्हणजे लक्ष्मीबाई टिळक, आणि तें पुस्तक म्हणजे 'स्मृतिचित्रें'.

शाळेच्या वार्षिकांत बहुधा लहानपणींच चमकलेल्या थोर माणसांचीं चरित्रें छापलीं जातात. तीं वाचून विद्यार्थ्यांस स्फूर्ति होते, हें खरें. परंतु हें वार्षिक विद्यार्थ्यांबरोबर घरीं जातें आणि तेथें आई-वडिलांच्याहि हातीं पडतें. त्यांतील कित्येकांची शाळा लहानपणींच सुटली. कित्येक मातांना पाटी-पेन्सिलीचा स्पर्शहि झाला नाहीं. आपलें शिकण्याचें वय गेलें, आतां मुलांनीं शिकावें म्हणजे झालें, असें त्यांना वाटतें. आणि लिहिणें, तेंहि स्वतःच्या मनांतलें लिहिणें, हें आपलें कामच नव्हे, अशी त्यांची पक्की समजूत असते. ती समजूत कितपत खरी आहे हें पाहण्यासाठीं आम्हीं ह्या वर्षीं हें चरित्र निवडलें आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजीं नाशिकजवळील जलालपूर ह्या गोदाकांठच्या खेड्यांत, गोखले घराण्यांत झाला. माहेरचें नांव मनकर्णिका. घरांत त्यांना मनू म्हणत. वडील अतिशय कर्मठ होते. सोंवळ्याचें वेड त्यांना इतकें होतें कीं, बाहेरून आलेल्या वस्तूस धुतल्यावांचून घरांत थारा नसे, आणि त्या सोंवळ्याचा सारा भार घरांतल्या बायकामुलांवर पडे. अशा घरांत मुलीच्या शिक्षणाचा विचार कोण करणार? काळहि तसाच होता. पुढें १९०१ सालच्या शिरगणतींत सुद्धां हिंदुस्थानांत दर शंभर स्त्रियांमागें एकहि साक्षर स्त्री भरली नाहीं. नगर शहरांत अमेरिकन मराठी मिशनचें काम १८३१ सालींच सुरू झालें होतें, आणि सिंथिया फरार बाईंनीं तेथें मुलींच्या शाळाहि चालविल्या होत्या. परंतु असल्या शाळांचा वारा जलालपूरच्या त्या घराला लागण्याजोगा नव्हता.

त्या काळच्या मुलींना अक्षरें मिळत नसत, पण शब्द भरपूर मिळत. जात्यावरच्या ओंव्या, व्रतांच्या कहाण्या, आरत्या, कथा-कीर्तनें, म्हणी, उखाणे आणि वडीलधाऱ्या बायकांचें खमंग बोलणें हें सर्व रात्रंदिवस कानांवर पडे. गोष्ट कोठें सुरू करावी, कोठें थांबावी, ऐकणाऱ्यास केव्हां हंसवावें आणि केव्हां गप्प करावें, हें ज्ञान अशा ऐकण्यांतूनच येतें. लक्ष्मीबाईंची पहिली शाळा हीच म्हटली पाहिजे.

वयाच्या अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें. पति नारायण वामन टिळक हे ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं जन्मलेले. ते संस्कृताचे व्यासंगी, कवि आणि वक्ते होते. स्वभावानें मात्र विलक्षण उतावळे आणि तितकेच उदार. एका गांवीं, एका नोकरींत त्यांचें मन रमत नसे. हातीं आलेला पैसा दुसऱ्याची गरज पाहून केव्हां निघून जाईल ह्याचा नेम नसे. त्यामुळें तरुण पत्नीच्या वांट्यास ओढग्रस्तीचा संसार आणि वारंवार बिऱ्हाड हलविणें आलें. सासरे वामनराव तापट. त्यांचा जाचहि तिला सोसावा लागला.

परंतु ह्याच पतीनें तिच्या हातीं अक्षर दिलें. टिळकांनीं पत्नीस वाचावयास व लिहावयास शिकविलें. हा वर्ग घरचा होता. त्याला घंटा नव्हती, वेळापत्रक नव्हतें. बिऱ्हाड हललें कीं धडा थांबणार, आणि चूल, पाहुणे, आजारपण, बाळंतपण ह्यांतून उरेल तेवढाच वेळ अभ्यासाला मिळणार. आजच्या कोणाहि प्रौढ विद्यार्थ्यास हें चित्र ओळखीचें वाटेल. दिवसभर शेतांत किंवा कचेरींत राबून सायंकाळीं वही उघडणाऱ्यास सलग अभ्यास कधींच मिळत नाहीं. लक्ष्मीबाईंनाहि तो मिळाला नाहीं. त्या तुकड्यातुकड्यांनीं शिकल्या, परंतु शिकलेलें त्यांनीं सोडलें नाहीं.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंवर हा वज्राघातच होता. पति जिवंत असून घर मोडलें, असाच त्या काळच्या समाजांत ह्याचा अर्थ होता. लहानग्या दत्तूला घेऊन त्या आप्तांच्या आश्रयानें पंढरपुरास राहिल्या. ही ताटातूट सुमारें पांच वर्षें टिकली. लोकांचे टोमणे, मुलाची काळजी, पतीवरील राग आणि त्याच पतीवरील माया, असें सगळें एकाच मनांत नांदत होतें. ह्या काळांत दोघांना जोडणारा धागा पत्रांचा होता. ज्या स्त्रीस अक्षर ठाऊक नाहीं तिला आलेलें पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावें लागतें आणि उत्तर तिसऱ्याकडून लिहवून घ्यावें लागतें; मग मनांतलें खरें बोलणें कागदावर उतरणार कसें? घरच्या त्या अर्धवट वर्गांत मिळालेल्या अक्षरांची किंमत अशा वेळीं कळते.

पुढें त्या नगरास आल्या आणि पतीबरोबर राहूं लागल्या. मात्र पतीनें धर्म बदलला म्हणून त्यांनीं आपला धर्म लगेच बदलला नाहीं. सोंवळें-ओंवळें, शिवाशीव ह्या गोष्टी जन्मापासून अंगीं मुरलेल्या होत्या. त्यांचा त्यांनीं स्वतःच्या बुद्धीनें विचार केला. माणसामाणसांतील उच्चनीच भेद ईश्वरानें केलेला असूं शकत नाहीं, असें मनास पटल्यावर त्यांनीं जातिभेद टाकला; आणि १९०० सालीं राहुरीस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ह्या घटनेचा लेखनाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. आमच्या मतें फार मोठा संबंध आहे. लहान मूल शिकावयास बसतें तेव्हां त्याची पाटी कोरी असते. प्रौढ माणसाच्या पाटीवर पुष्कळ कांहीं आधींच लिहिलेलें असतें. त्यांतलें कांहीं पुसावें लागतें, आणि पुसतांना हात थरथरतो. पुढें आत्मचरित्र लिहितांना आपले जुने ग्रह, आपली भांडणें, आपली फजिती जशीच्या तशी सांगण्याचें जें धैर्य लक्ष्मीबाईंनीं दाखविलें, त्याची पूर्वतयारी ह्या वर्षांत झाली असें आम्हांस वाटतें.

तो काळहि मोठा कठीण होता. १८९९-१९०० चा, छप्पन्नचा दुष्काळ म्हणून लोकांच्या स्मरणांत राहिलेला दुष्काळ पडला होता. प्लेगची सांथ गांवोगांव फिरत होती. टिळक दांपत्यानें अनाथ मुलांना घरांत घेतलें; लक्ष्मीबाईंनीं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषाहि केली. संसाराच्या ओझ्यास हें नवें ओझें जोडलें गेलें. परंतु ह्याच दिवसांनीं त्यांच्या आठवणींचें भांडार भरत होतें. ज्याला पुढें लिहावयाचें आहे, त्याचें जगलेलें आयुष्य हेंच त्याचें भांडवल असतें. आणि ह्या बाबतींत प्रौढ नवशिका हा शाळकरी मुलापेक्षां श्रीमंतच असतो.

हल्लीं मोठ्या शहरांतून लेखन शिकविणारे वर्ग भरतात. तेथें पन्नाशीचे, साठीचे नवशिके येतात. प्रत्येकजण आपलें लिखाण वाचून दाखवितो, इतर ऐकतात, बरेंवाईट सांगतात, शिक्षक दोन सूचना करितो. टिळकांचें नगरचें घर ह्याहून फार निराळें नव्हतें. टिळकांना लोक फुलामुलांचे कवि म्हणत. १८४२ सालीं नगरास निघालेल्या 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे ते १९१२ पासून मृत्यूपर्यंत संपादक होते. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवि, कांहीं काळ ह्याच घरांत घरच्या मुलासारखे राहिले. ज्या घरांत असे दोन कवि एकत्र नांदले, त्या घरांत कविता हा रोजच्या बोलण्याचा विषय. अशा सहवासांत आणि पतीच्या उत्तेजनानें लक्ष्मीबाई स्वतः कविता करूं लागल्या. त्यांच्या कवितांचा 'भरली घागर' हा संग्रह त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध झाला.

येथें एक धोका होता, आणि तो प्रत्येक नवशिक्यापुढें असतो. गुरु मोठा असला म्हणजे शिष्य त्याच्यासारखेंच लिहूं पाहतो. टिळक विद्वान्, संस्कृतांत मुरलेले, नांवाजलेले कवि. आणि पत्नीची सारी विद्या त्यांच्याकडून आलेली. तिनें त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच थाटांत लिहिलें असतें तर कोणी नांवें ठेविलीं नसतीं. परंतु मग मराठी भाषेस दुसऱ्या टिळकांची एक फिकी छाया मिळाली असती, आणि लक्ष्मीबाई कायमच्या हरवल्या असत्या. तसें झालें नाहीं. त्यांचें गद्य वाचूं लागलें म्हणजे माजघरांत बसून बोलणारी एक हुशार, मिस्किल, स्पष्टवक्ती बाई समोर दिसूं लागते. अक्षरें पतीनें दिलीं. आवाज त्यांनीं आपलाच ठेविला. ह्या चरित्रांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्हांस हीच वाटते.

त्या पिढींत अशा उशिरा शिकलेल्या लेखिका आणखीहि होत्या. रमाबाई रानडे ह्यांचें लग्न १८७३ सालीं अकराव्या वर्षीं झालें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांनीं त्यांना घरीं शिकविलें, आणि १९१० सालीं त्यांचें आठवणींचें पुस्तक प्रसिद्ध झालें. पार्वतीबाई आठवले ह्यांचें शिक्षण वैधव्यानंतर सुरू झालें. त्यांचें आत्मचरित्र १९२८ सालीं निघालें. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी ह्यांना तर अखेरपर्यंत अक्षरओळख नव्हती. त्या शेतांत, घरांत काम करतांना गाणीं रचीत आणि घरचीं माणसें तीं उतरून घेत. १९५१ सालीं त्या वारल्यावर दुसऱ्याच वर्षीं त्यांचे चिरंजीव, कवि सोपानदेव चौधरी ह्यांच्या प्रयत्नानें त्या गाण्यांचें पुस्तक झालें, आणि सारा महाराष्ट्र थक्क झाला. वयाचा किंवा पदवीचा प्रतिभेशीं फारसा संबंध नाहीं, हें सिद्ध करावयास ह्यापेक्षां अधिक पुरावा कोणास हवा?

९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईस निवर्तले. लक्ष्मीबाई तेव्हां पन्नास वर्षांच्या होत्या. गुरु गेला, वर्ग संपला. पतीनें येशू ख्रिस्ताच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' नांवाचें मोठें काव्य आरंभिलें होतें. त्याचे दहा-अकरा अध्याय होऊन तें तसेंच राहिलें होतें. अपुरें राहिलेलें पुस्तक पेटींत जपून ठेवावयाचें, हा सामान्य रिवाज. लक्ष्मीबाईंनीं तें पुढें लिहावयास घेतलें आणि ६४ अध्याय रचिले. अखेरचा अध्याय त्यांचे चिरंजीव देवदत्त, म्हणजे पूर्वींचा दत्तू, ह्यांनीं घातला. आणि ७६ अध्यायांचें हें काव्य १९३८ सालीं छापून निघालें. गुरूनें जेवढें लिहिलें त्याच्या कित्येक पट शिष्येनें लिहावें, आणि तेंहि पन्नाशीनंतर, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

'स्मृतिचित्रें' ह्या पुस्तकाचा जन्महि असाच दुसऱ्याच्या कामांतून झाला. देवदत्तांना वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें. त्यासाठीं त्यांनीं आईस आठवणी लिहून देण्यास सांगितलें. आठवणी पतीच्या म्हणून सुरू झाल्या, पण त्या सांगणारी व्यक्ति इतकी जिवंत होती कीं, त्यांतून तिचेंच आत्मचरित्र उभें राहिलें. १९३४ सालापासून तें चार भागांत प्रसिद्ध झालें. पहिला भाग निघाला तेव्हां लेखिकेचें वय सहासष्ट वर्षांचें होतें.

ह्या पुस्तकाची गोडी कशांत आहे? एक तर त्यांत कोणालाहि देव्हाऱ्यांत बसविलेलें नाहीं. टिळकांवर त्यांची अपार निष्ठा. तरी पण विसराळू, रागीट, हातांतले पैसे भलतीकडेच खर्चून बसणारे टिळक त्यांनीं मोकळेपणानें दाखविले आहेत. दुसरें म्हणजे त्या स्वतःलाहि सोडीत नाहींत. आपल्या भित्रेपणास, हट्टास आणि अज्ञानास त्या सर्वांआधीं हंसतात. तिसरें म्हणजे त्यांचीं वाक्यें बोलण्यांतलीं आहेत, लहान आणि नेमकीं. दुःखाच्या प्रसंगीं त्या शब्दांचा पसारा मांडीत नाहींत. काय घडलें तेवढें सांगून पुढें जातात, आणि वाचकाच्या डोळ्यांत पाणी उभें राहतें. अलंकारांनीं नटविलेले निबंध लिहिणाऱ्या आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हा धडा मुद्दाम गिरवावा.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिकास लक्ष्मीबाईंचें देहावसान झालें. पुस्तक मात्र वाढत्या पिढ्यांबरोबर चालत राहिलें. १९५० सालीं जोसेफीन इंकस्टर ह्यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. १९८३ सालीं विजया मेहता ह्यांनीं त्यावर चित्रपट केला. आणि २०१७ सालीं शांता गोखले ह्यांचें नवें इंग्रजी भाषांतर निघालें. जलालपूरच्या ज्या मुलीस कोणी शाळेंत घातलें नाहीं, तिचें बोलणें आज परक्या भाषेंतहि वाचलें जातें.

ह्या चरित्रावरून कोणीं असा अर्थ मात्र काढूं नये कीं, शाळेवांचून कांहीं अडत नाहीं. पुष्कळ अडतें. लक्ष्मीबाईंना अक्षरें वेळेवर मिळालीं असतीं तर त्यांनीं आणखी किती लिहिलें असतें, कोण जाणे. शिवाय त्यांना शिकविणारा पति मिळाला, लिहा म्हणून मागें लागणारा मुलगा मिळाला आणि ऐकणारीं माणसें मिळालीं. त्यांच्या काळच्या हजारों बायकांना ह्यांतलें कांहींच मिळालें नाहीं. त्यांच्याजवळच्या गोष्टी त्यांच्याबरोबरच गेल्या. तेव्हां उशिरा शिकणाऱ्यास बुद्धीपेक्षांहि अधिक निकड असते ती एका धीर देणाऱ्या माणसाची. असें माणूस प्रत्येक घरांत निर्माण होऊं शकतें, आणि तें तुम्ही, विद्यार्थीमित्रहो, होऊं शकतां.

तुमच्या घरांत आजी असेल. तिनें १९७२ चा दुष्काळ पाहिला असेल. त्या वर्षींच्या खडी फोडण्याच्या कामावर ती गेली असेल, तेथें मिळणारी सुकडी तिनें खाल्ली असेल. आपल्या पश्चिम भागांतील भाताच्या आवणीचीं गाणीं तिला येत असतील. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. तें बांधतांना तेथें राबलेल्या माणसांच्या गोष्टी तिनें तिच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील. ह्या सुट्टींत एक कोरी वही घ्या आणि तिला रोज एक आठवण विचारा. तिला लिहितां येत असेल तर वही तिच्याच हातीं द्या. येत नसेल तर ती सांगेल तसें तुम्ही उतरून घ्या, आणि शेजारीं बसून तिला आधीं तिचें नांव लिहावयास शिकवा. तिचे शब्द सुधारूं नका. आपल्या डोंगरांतल्या बोलींत ती जें म्हणेल तेंच लिहा. लिहिलेलें तिला वाचून दाखवा, म्हणजे ती चूक काढील, भर घालील, आणि दुसऱ्या दिवशीं आपण होऊन पुढचें सांगावयास बसेल.

आणि पालकहो, मुलगा किंवा मुलगी वही घेऊन जवळ आली तर कामाची सबब सांगून त्यांना परत लावूं नका. चार ओळींनीं आरंभ करा. अक्षर वेडेंवांकडें येईल, ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, दोन शब्द खोडावे लागतील. त्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. वहीचीं पहिलीं पानें भरलीं म्हणजे तीं शाळेंत अवश्य पाठवा. पुढील वार्षिकांत त्यांना जागा देण्यास आम्हांस फार आनंद वाटेल.